हिमोग्रामच्या कागदावरचा धूर

मधुमेह असलेल्या घरात रक्ततपासणीचे कागद वर्षानुवर्षे साठत जातात. आपली नजर साखरेच्या आकड्यावर खिळते आणि हिमोग्राम 'नॉर्मल आहे' म्हणून फायलीत जातो. पण त्या साध्या कागदातही मधुमेहाविषयी एक सूचना दडलेली असते. ती कशी वाचावी आणि तिच्यावर कितपत विसंबावे, हे समजून घेऊ.

टाइप टू मधुमेहात रक्तातील साखर वाढते, एवढेच आपल्याला ठाऊक असते. त्याच्या जोडीला शरीरात मंद दाहही धुमसत असतो. जखमेची लाली, सूज, ठणका हा तीव्र दाह आपल्याला कळतो. हा दुसरा दुखत नाही, दिसत नाही. रक्तवाहिन्यांना मात्र वर्षानुवर्षे झिजवतो. १८७६ मध्ये जर्मनीतील विल्हेल्म एब्स्टाइन या वैद्याला असे दिसले, की ॲस्पिरिनच्या कुळातले सोडियम सॅलिसिलेट दिल्यावर मधुमेही रुग्णाच्या लघवीतील साखर घटते. दाहाचा धागा मात्र शतकानंतर हाती आला. १९९३ मध्ये गोखान होतामिश्लिगिल व सहकाऱ्यांनी दाखवले, की लठ्ठ उंदरांच्या चरबीत दाह पेटवणारे टीएनएफ-अल्फा हे प्रथिन वाढलेले असते आणि ते इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते.

'पण मी तर सडपातळ!' असे म्हणून सुटका होत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. वजन-उंचीचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपल्याकडची चरबी बारीक अंगातही, विशेषतः पोटात, लपून बसते.

आता कागद हाती घ्या. समजा, पांढऱ्या पेशी ८,००० आहेत. त्यांत न्यूट्रोफिल ६० टक्के आणि लिम्फोसाइट ३० टक्के. साठाला तिसाने भागले की उत्तर २. न्यूट्रोफिल हे दाहात प्रथम धावून जाणारे शिपाई. लिम्फोसाइट हे शत्रू ओळखून बेताने लढणारे. दाह वाढला की पहिले वाढतात, दुसरे बहुधा घटतात. म्हणून दोन सुटे आकडे मर्यादेत असूनही गुणोत्तर चढलेले असू शकते. असेच प्लेटलेटला लिम्फोसाइटच्या संख्येने भागता येते : २,४०,००० भागिले २,४००, म्हणजे १००. ज्या मधुमेहींची साखर आटोक्यात नाही, किंवा मूत्रपिंड वा डोळ्यांचा पडदा बिघडू लागला आहे, त्यांच्यात न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर सरासरीने जास्त असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

येथे थांबून विचार करायला हवा. डोंगरावर धूर दिसला की आग आहे असे अनुमान करावे, हे न्यायशास्त्रातले जुने उदाहरण. पण तो धूर वणव्याचा की कुणाच्या चुलीचा, हे धूर सांगत नाही. साधा ताप, दाताचे गळू, बिडी-सिगारेट, स्टेरॉइडच्या गोळ्या, शस्त्रक्रिया, इतकेच काय, मनावरचा मोठा ताणही हे गुणोत्तर वाढवतो. मधुमेहासाठी त्याची सर्वमान्य मर्यादारेषा अजून ठरलेली नाही. म्हणून एका आकड्यावरून घाबरू नये, आणि आकडा चांगला आला म्हणून निर्धास्तही होऊ नये. दाह शमवायचा म्हणून मनाने ॲस्पिरिन घेणे तर नकोच. त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

खरी पाळत ठेवायची ती वेगळ्या गोष्टींवर. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल; वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन, रक्तातील क्रिएटिनिन, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी; आणि रोज रात्री स्वतःचे तळपाय पाहणे. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्याकडे जा. हिरड्यांचा दाह बरा झाला की साखरही थोडी उतरते. तंबाखू सोडणे, रोज चालणे आणि पोटाचा घेर कमी करणे, हे उपाय थेट आगीवरच पाणी घालतात.

घरातील वडीलधाऱ्यांच्या फायलीतले जुने हिमोग्राम तारखेप्रमाणे लावा. गुणोत्तर दर वेळी चढत गेलेले दिसले, तर ते कागद घेऊन डॉक्टरांना एकच विचारा : 'हा धूर कशाचा?' उत्तर त्यांना शोधू द्या. प्रश्न वेळेवर विचारणे, हे आपल्या हाती आहे.