दोन वर्षांत बीए? आधी हिशेब करा

‘नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांची डिग्री दोन वर्षांत निघते’ हे वाक्य जळगावच्या अभ्यासिकांत, धुळ्याच्या क्लासेसमध्ये आणि गावाकडच्या पारावर इतक्या ठामपणे ऐकू येतं, की ऐकणारा ते एकदाही तपासत नाही. हा गैरसमज दोन वेगळ्या तरतुदींची खिचडी करून तयार झाला आहे. पहिली तरतूद मध्येच बाहेर पडण्याची. एका वर्षानंतर बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी. दुसरी तरतूद अभ्यासक्रम लवकर संपवण्याची. दोन वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला कागद मिळतो हे खरं, पण तो पदविकेचा असतो. आणि लवकर संपवणाऱ्याला पदवी मिळते हेही खरं, पण ती दोन वर्षांत मिळत नाही. पहिल्या वाक्यातली ‘दोन वर्षं’ उचलायची आणि दुसऱ्यातली ‘पदवी’, की अफवा तयार!

लवकर संपवण्याच्या योजनेला विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. तिच्या अटी स्पष्ट आहेत. सहा सत्रांची पदवी फार तर पाच सत्रांत पूर्ण करता येते. म्हणजे वाचतात ते सहा महिने, वर्ष नाही. चार वर्षांच्या पदवीत जास्तीत जास्त दोन सत्रं वाचतात. संस्थेला मंजूर जागांपैकी फक्त १० टक्क्यांपर्यंत जागा यासाठी ठेवता येतात. पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या शेवटी विद्यार्थ्याने अर्ज करायचा आणि त्याला हा भार झेपेल का, हे संस्थेच्या समितीने ठरवायचं. दुसरं सत्र संपलं की हा दरवाजा बंद. म्हणून टीवायला गेल्यावर ‘सर, लवकर संपवता येईल का?’ असं विचारणाऱ्याला उत्तर एकच, उशीर झाला. शिवाय योजना राबवायची की नाही, हे संस्थेच्या हातात आहे. अमळनेरचं प्रताप किंवा जळगावचं मूळजी जेठा यांसारखी स्वायत्त महाविद्यालयं स्वतःचा अभ्यासक्रम आणि परीक्षा आखतात. पण कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न असलेलं तालुक्याचं कॉलेज परीक्षेचं वेळापत्रक एकट्याने बदलू शकत नाही. सहाव्या सत्राचा विषय पाचव्या सत्रात शिकवायचा आणि त्याची परीक्षाही घ्यायची, तर विद्यापीठानेच तशी व्यवस्था करायला हवी.

आता हिशेब मांडू. योजनेत सत्र कमी होतं, अभ्यास कमी होत नाही. महाराष्ट्राच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक लागतात. सत्राला २२ धरले तर सहा सत्रांचे १३२. पहिल्या सत्रानंतर ही वाट धरली तर उरलेले ११० श्रेयांक चार सत्रांत बसवायचे, म्हणजे प्रत्येक सत्राला साडेसत्तावीस. दुसऱ्या सत्रानंतर धरली तर ८८ श्रेयांक तीन सत्रांत, म्हणजे २९ हून अधिक. हा भार नेहमीच्या तुलनेत एक तृतीयांशाने जास्त झाला. एका श्रेयांकाला थिअरीचे १५ तास आणि प्रात्यक्षिकाचे ३० तास धरले जातात. त्यामुळे कला शाखेच्या मुलालाही आठवड्याला सात-एक तास जादा वर्ग पडतात. बीएस्सीच्या मुलाला प्रयोगशाळेमुळे त्याहून जास्त. काही विषय ‘स्वयम्’वरून ऑनलाइन करता येतात, हे खरं. पण तेही करावेच लागतात, आणि परीक्षा देऊनच. एवढ्या ओझ्यात एक विषय राहिला, तर वाचवलेलं सत्र त्या एकाच एटीकेटीत जातं.

एवढं करून सहा महिने वाचले, तर त्यांचं करायचं काय? ‘स्पर्धा परीक्षेला लवकर बसता येईल’ हे उत्तर खान्देशात सगळ्यात जास्त ऐकू येतं. ते तपासू. पोलिस शिपाई भरतीला बारावी पास पुरते, पदवीचा संबंधच नाही. राज्यसेवेच्या आणि यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेला पदवीच्या शेवटच्या वर्षातला विद्यार्थी बसू शकतो. पदवीचा पुरावा पुढच्या टप्प्यावर मागतात. यूपीएससीला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात, आणि अठराव्या वर्षी कॉलेजात आलेला मुलगा नियमित तीन वर्षांतच तिथे पोहोचतो. बीएडची सीईटीसुद्धा शेवटच्या वर्षात देता येते. एमए, एमएस्सीचे प्रवेश साधारण जून-जुलैत होतात, त्यामुळे हिवाळ्यात पाचवं सत्र संपवणारा उन्हाळाभर त्याच रांगेत उभा राहतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ मध्ये वर्षातून दोनदा प्रवेश देण्याची मुभा दिली आहे, पण ती मुभा आहे, सक्ती नाही. उलट बाजूही सांगायला हवी. आयबीपीएसच्या बँक परीक्षांना अर्ज करतानाच पदवीचा निकाल हातात असावा लागतो आणि किमान वय २० आहे. तिथे, किंवा नोकरी समोर ठरलेली असेल तिथे, सहा महिने खरोखर कामी येऊ शकतात. असे विद्यार्थी आहेत. पण सरसकट सगळे तसे नाहीत.

यावर हमखास येणारा आक्षेप पैशाचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खोलीभाडं, मेस, एसटीचा पास यांत सहा महिन्यांचा खर्च वाचणं ही गरीब घराला मोठी गोष्ट आहे. पण ज्या घराला ही घाई आहे, त्या घरातला मुलगा बहुतेक वेळा कामही करत असतो. हिवाळी परीक्षा येतात तेव्हाच कापूस वेचणी जोरात असते. यावल-रावेर पट्ट्यात केळीची कापणी तर परीक्षेचं वेळापत्रक विचारून होत नाही. अशा मुलाला सत्राला २९ श्रेयांक म्हणजे शिक्षा आहे. थोडक्यात, ज्याला घाई आहे त्याला ही सोय झेपत नाही आणि ज्याला झेपते त्याला बहुधा घाई नसते. त्या मुलाच्या उपयोगाची तरतूद आयोगाच्या त्याच निर्णयात आहे, पण तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. सत्राला कमी श्रेयांक घ्यायचे आणि तीच पदवी जास्तीत जास्त दोन सत्रं जादा घेऊन पूर्ण करायची, ही वाढीव मुदतीची सोय. ‘लवकर’ या शब्दाला टाळ्या मिळतात आणि ‘सावकाश’ या शब्दाला नापासाचा वास येतो, एवढंच तिचं दुर्दैव.

उरलेले गैरसमज झटपट निकालात काढू. ‘लवकर काढलेली डिग्री सरकारी नोकरीत चालत नाही’: चालते, कमी मुदतीत पूर्ण केल्याची नोंद त्यात असते, पण नोकरी आणि पुढच्या शिक्षणासाठी ती नियमित पदवीच्या बरोबरीची, असं आयोगानेच म्हटलं आहे. ‘दोन वर्षांनंतरची पदविका म्हणजे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा’: नाही, दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. ‘फक्त एक वर्ष पास झालं की प्रमाणपत्र’: पुरेसं नाही, बाहेर पडण्याआधी कौशल्य अभ्यासक्रमाचे किंवा इंटर्नशिपचे चार जादा श्रेयांक लागतात. ‘एकदा बाहेर पडलं की परत येता येत नाही’: येतं, आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या आत परतायची आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची मुदत आहे. ‘आता चार वर्षं सक्तीची’: नाहीत. ‘इंजिनिअरिंग, फार्मसीही अशीच लवकर संपते’: या अभ्यासक्रमांचे नियम त्यांच्या त्यांच्या परिषदा ठरवतात, बीएचा हिशेब तिथे लावू नका.

पहिल्या वर्षात असाल तर दुसरं सत्र संपण्याआधी कॉलेजच्या कार्यालयात तीन प्रश्न विचारा: ही योजना इथे आहे का, जादा विषय कोण शिकवणार आणि त्यांची परीक्षा कधी होणार? तिन्हींची उत्तरं लेखी मिळाली आणि वाचलेल्या सहा महिन्यांचं नेमकं काम ठरलेलं असेल, तरच अर्ज करा. नाहीतर सहा सत्रं नीट पूर्ण करा. त्यात काहीही वाया जात नाही.