कथालेखनातील निवेदक आणि बोली : अध्यापनाच्या दृष्टीने काही विचार

प्रस्तावना

कथालेखन शिकविता येते काय, हा प्रश्न मराठीत नवा नाही. ना. सी. फडके यांनी १९३१ मध्ये 'प्रतिभासाधन' हा ग्रंथ लिहून कथा-कादंबरीच्या तंत्राची मांडणी केली. तेव्हापासून कथानक, गुंतागुंत, उत्कर्षबिंदू, शेवट ही परिभाषा मराठीच्या वर्गात रुळली आहे. सर्जनशील लेखनाच्या अभ्यासपत्रिका शिकविताना आजही प्रामुख्याने तिचाच आधार घेतला जातो. ही परिभाषा निरुपयोगी आहे असे म्हणता येणार नाही. परंतु विद्यार्थ्याची पहिली कथा सहसा कथानकावर अडत नाही. ती पहिल्या परिच्छेदातच, भाषेपाशी अडते. ज्याच्या घरी वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा मराठवाडी बोलली जाते, तो विद्यार्थी कागद पुढे घेताच पाठ्यपुस्तकातील मराठी लिहू लागतो. त्याच्या कथेतील निरक्षर आजी 'मला अत्यंत दुःख झाले आहे' असे म्हणते, आणि आजीचे दुःख वाचकापर्यंत पोहोचत नाही. एखाद्याने धाडस करून घरची भाषा लिहिलीच, तर अनेकदा ती तांबड्या शाईने 'शुद्ध' केली जाते. अशा वेळी विद्यार्थी जे सांगू शकला असता, तेच सांगण्याचे तो टाळू लागतो.

प्रस्तुत लेखात कथा कोण सांगतो आणि कोणत्या भाषेत सांगतो, या एकमेकांत गुंतलेल्या दोन निर्णयांचा विचार मराठी कादंबरीतील काही परिचित उदाहरणांच्या आधारे केला आहे. मराठीत कथा लिहू पाहणाऱ्याने कथानक जुळविण्यापूर्वी हे दोन निर्णय घेणे अधिक फलदायी ठरते, अशी या विवेचनामागील भूमिका आहे.

सांगणारा कोण?

प्रथमपुरुषी आणि तृतीयपुरुषी निवेदन असा भेद वर्गात शिकविला जातो, मात्र तो व्याकरणाच्या अंगाने. लेखकाच्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळा असतो. सांगणाऱ्याला काय दिसू शकते, काय दिसू शकत नाही आणि त्याच्यापाशी कोणते शब्द आहेत, हे त्याला ठरवावे लागते. हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीची कथा यमूच्या तोंडून येते. एकोणिसाव्या शतकातील मध्यमवर्गीय घरातील या मुलीला पुरुषांच्या बैठकीत स्थान नाही. घरातील मोठे निर्णय तिच्या अपरोक्ष होतात आणि ते तिला ऐकीव बोलण्यातून व माणसांच्या वागण्यातील बदलातून उमगतात. निवेदकाची ही मर्यादा कादंबरीला दुबळी करीत नाही. स्त्रीच्या वाट्याला येणारे अज्ञान हाच विषय असल्याने तीच मर्यादा कादंबरीचे बळ ठरते. हाच मजकूर सर्वज्ञ निवेदकाने सांगितला असता, तर समाजसुधारणेवरील व्याख्यान होण्याचा धोका होता.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) हे याहून निराळे उदाहरण होय. येथे 'मी' आहे तो धनगरांच्या वाडीवर नव्याने आलेला तरुण शिक्षक. तो वाडीचा नाही, म्हणून वाडीतील प्रत्येक रीत त्याला नवी वाटते आणि वाचकासाठी ती समजावून सांगण्यास त्याच्यापाशी सबळ कारण असते. तो शिकलेला असल्याने निवेदन प्रमाण मराठीत आणि धनगरांचे बोलणे त्यांच्या बोलीत, अशी विभागणीही सहज पटते. आपल्या गावाविषयी लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांकडून नेमकी येथे चूक होते. निवेदक गावातलाच असतो, तरीही तो 'आमच्या गावात पोळा नावाचा सण साजरा केला जातो' असे वाक्य लिहितो. पोळा म्हणजे काय हे गावातला माणूस गावातल्या माणसाला सांगत नाही. हे वाक्य परक्या वाचकाला, बहुधा परीक्षकाला उद्देशून लिहिलेले असते. म्हणून 'कोण सांगतो' याच्या जोडीने 'कोणाला सांगतो' हेही विचारावे लागते.

तिसरा मार्ग अधिक कठीण आहे. आनंद यादव यांची 'गोतावळा' आणि रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' या दोन्ही कादंबऱ्या १९७१ च्या. पहिलीत शेतावर राबणारा नारबा हा गडी आणि दुसरीत शिंप्याची बायको पार्वती आपली कथा आपल्याच बोलीत सांगतात. केवळ संवाद नव्हे, तर संपूर्ण निवेदन बोलीत आहे. असे केल्याने लेखकाच्या हातून बरेच काही निसटते. नारबाला 'यांत्रिकीकरण' हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नाही. ट्रॅक्टर आल्यावर शेतावरची जनावरे एकेक करून जातात, एवढेच त्याला दिसते आणि तेवढेच तो सांगू शकतो. त्याच्या उपमाही बैल, बांध, विहीर, पीक यांच्या पलीकडे जाऊ शकत नाहीत. मात्र विचाराचा शब्द नसल्यामुळे लेखकाला प्रत्येक विचार प्रसंगात आणि वस्तूत उतरवावा लागतो. बोलीतील निवेदनाचा हा लाभ रंगतीपुरता मानला जातो, ते योग्य नाही. लेखकाला अमूर्तापासून दूर ठेवणारी ती एक शिस्त आहे.

निवेदक बदलला म्हणजे भाषा आपोआप बदलते असे मात्र नाही. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'मध्ये (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपली बाजू मांडतात, परंतु तिघांचीही भाषा बव्हंशी खांडेकरांचीच आहे. पौराणिक विषयाला ती शोभते, म्हणून वाचक आक्षेप घेत नाही. समकालीन विषयावरील कथेत ही सवलत मिळणार नाही. याउलट भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'त (१९६३) पांडुरंग सांगवीकरचे 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे दोन शब्दच त्याची ओळख पटवितात. खेड्यातून पुण्यात शिकायला आलेल्या, शिष्ट भाषा येत असूनही तिच्यावर विश्वास नसलेल्या तरुणाची ती भाषा आहे. बोली नसतानाही निवेदकाचा आवाज कसा घडविता येतो, हे दाखविण्यासाठी महाविद्यालयीन वर्गात याहून सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

बोली लिहिणे म्हणजे काय?

बोलीविषयी सर्वाधिक गैरसमज येथेच आढळतो. 'पाणी'चे 'पानी', 'शहाणा'चे 'शाना', 'नाही'चे 'न्हाई' केले की ग्रामीण भाषा झाली, असे नवलेखकास वाटते. एक साधे वाक्य घेऊन हे तपासता येईल. प्रमाण मराठीत एखादा शेतकरी म्हणेल, 'पाऊस आला नाही, तर पेरणी मोडावी लागेल.' हेच वऱ्हाडीत 'पानी नाई आला त पेरनी मोडा लागते' असे होईल. आता या वऱ्हाडी वाक्यातील 'न'च्या जागी 'ण' घालून 'पाणी नाही आला त पेरणी मोडा लागते' असे लिहिले, तरी वाक्य वऱ्हाडीच राहते. पावसासाठी 'पाणी' हा शब्द व त्याचे पुल्लिंगी क्रियापद, 'तर'ऐवजी 'त', 'मोडावी लागेल'ऐवजी 'मोडा लागते' या गोष्टी जागच्या जागी आहेत. उलट प्रमाण वाक्यात केवळ 'ण'चा 'न' करून 'पाऊस आला नाही, तर पेरनी मोडावी लागेल' असे लिहिले, तर ती बोली होत नाही; प्रमाण मराठीत केलेली एक चूक तेवढी उरते. म्हणजेच बोलीचा कणा प्रत्यय, क्रियापदाची रूपे, लिंगव्यवस्था आणि शब्दक्रम यांत असतो. वर्णोच्चार ही त्यावरची त्वचा होय.

यामागे एक नैतिक बाजूही आहे, जिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. लिहिल्याप्रमाणे तंतोतंत कोणीच बोलत नाही. शहरातील सुशिक्षित मनुष्यही अनेक अक्षरे गिळतो. कथेत मात्र डॉक्टरांचे बोलणे शुद्ध छापले जाते आणि रुग्णाचे तेवढे मोडके. अशा लेखनात बोली हे पात्राच्या अज्ञानाचे चिन्ह ठरते आणि लेखकाची सहानुभूती कितीही खरी असली, तरी वाचक पात्राकडे वरून पाहू लागतो.

उच्चारभेद अजिबात दाखवू नयेत, असा याचा अर्थ नव्हे. वऱ्हाडीच्या काही भागांत 'ळ'चा 'य' होतो. 'डोळा' 'डोया' होतो आणि 'काळा' 'काया'. हा नियमित ध्वनिबदल आहे, ढिसाळपणा नव्हे. लेखकाने तो स्वीकारला, तर त्या पात्राच्या तोंडी सर्वत्र पाळावा. एका पानावर 'डोया' आणि पुढच्या पानावर 'डोळा' असे झाल्यास वाचकाचा विश्वास उडतो. दोन-तीन ठळक वैशिष्ट्ये निवडून ती अखेरपर्यंत सांभाळणे पुरेसे असते. 'मले, तुले' म्हटले की वऱ्हाड आणि 'माका, तुका' म्हटले की मालवण डोळ्यांसमोर उभे राहते; बाकीचे काम वाक्याची लय करते.

अपरिचित शब्दांचा प्रश्न याला लागूनच येतो. अशा शब्दांचा कोश पुस्तकाच्या शेवटी देण्याची प्रथा आहे, पण कथेत वाचक पाने उलटीत नाही. शब्दाचा अर्थ प्रसंगातूनच फुटावा, हे अधिक चांगले. 'इरजिक' हा शब्द घ्यावा. 'रामाच्या इरजिकीला सहा औते आली. दिवस मावळेपर्यंत वावर नांगरून झाले. मजुरीचे नाव कोणी काढले नाही. रात्री रामाच्या दारात पंगत बसली.' एवढे लिहिल्यावर टीपेची गरज उरत नाही.

निवेदन तृतीयपुरुषी ठेवूनही ते पात्राच्या भाषेकडे झुकविता येते. उद्धव शेळके यांच्या 'धग'मध्ये (१९६०) संवाद वऱ्हाडीत आहेत, आणि निवेदनही कौतिकच्या संसारापासून दूर उभे राहत नाही. हे कसे साधते, ते एका बनविलेल्या उदाहरणावरून पाहता येईल. 'आबाने आकाशाचे निरीक्षण केले. पावसाची चिन्हे नसल्याने तो निराश झाला.' हे निवेदकाचे म्हणणे झाले. 'आबाने वर पाहिले. आजही कोरडेच. उसनवारीचे बियाणे, सावकार काय ढगाकडे पाहून थांबणार होता?' येथे व्याकरण निवेदकाचे आहे, परंतु चिंता आबाची आहे. बोली लिहिण्याचा आत्मविश्वास नसलेल्या विद्यार्थ्याला आरंभी हाच मार्ग सुचवावा.

एकेरी आणि आदरार्थी

मराठीने लेखकाला दिलेले एक साधन फारसे वापरले जात नाही. ते म्हणजे 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतील भेद. पन्नाशीच्या शेतकऱ्याला पंचविशीचा तलाठी 'तू' म्हणतो आणि शेतकरी त्याला 'साहेब, तुम्ही' म्हणतो, एवढ्यावरून सत्तेचे सारे चित्र उभे राहते; 'तलाठी उद्धट होता' हे वाक्य मग अनावश्यक ठरते. त्याच शेतकऱ्याने कथेच्या मध्यावर एकदा 'तू' म्हटले, तर ती घटना होते. अर्थात प्रदेश आणि घर यांनुसार रीत बदलते. कित्येक ग्रामीण घरांत वडिलांना एकेरी हाक मारतात आणि त्यात अनादर नसतो. शहरी लेखकाने तेथे सवयीने 'तुम्ही' घातले, तर नात्यातील जवळीक नाहीशी होते. नवऱ्याचे नाव न घेणारी बाई त्याचा उल्लेख मुलाच्या नावाने करते, हेही असेच एक साधन आहे.

वर्गातील तपासणी

विद्यार्थ्याची कथा तपासताना शुद्धलेखन हा पहिला निकष असू नये. तो शेवटचा असावा. प्रथम कथा मोठ्याने वाचून घ्यावी. जे वाक्य वाचताना विद्यार्थी स्वतःच अडखळतो, ते बहुधा त्याचे नसते. त्यानंतर प्रत्येक परिच्छेदाच्या समासात 'हे कोणाला दिसले?' एवढाच प्रश्न लिहावा. शेतात गेलेला निवेदक घरातील भांडणाचा शब्दन्‌शब्द सांगू लागला असेल, तर दोष तेथेच उघड होतो. बोलीतील संवाद तपासताना प्राध्यापकाला ती बोली येत नसेल, तर ती येणाऱ्या दुसऱ्या विद्यार्थ्याकडून वाचून घेणे इष्ट. एकाच जिल्ह्यात तालुक्यागणिक आणि समाजागणिक बोली बदलते, त्यामुळे अशा वाचनात निघणारे मतभेद हाही अध्यापनाचाच भाग होय.

शुद्धलेखनाच्या नियमांचा आणि बोलीचा मुळात विरोध नाही. 'असे केले'ऐवजी पात्राच्या तोंडी येणारे 'असं केलं' हे रूप शेवटच्या अक्षरावर अनुस्वार देऊन लिहिण्याची मुभा मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनीच दिली आहे. अडचण येते ती मुद्रणाच्या वेळी. कोल्हापूर-सांगलीकडील कथेत मुलगी 'मी जातो' म्हणते, कारण त्या भागात स्त्रियाही असे बोलतात. महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी ती कथा गेली की मुद्रितशोधक 'जातो'चे 'जाते' करतो आणि मुलगी कोल्हापूरची राहत नाही. म्हणून कथेसोबत अर्ध्या पानाचे टिपण जोडण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी. बोली कोणत्या भागाची, कोणते पात्र ती बोलते आणि कोणती रूपे बदलू नयेत, एवढेच त्यात असावे. संपादकाने ते टिपण हस्तलिखिताच्या पहिल्या पानाला टाचून मुद्रणालयात पाठवावे.