चोकला भाव, नळीला नाही

सकाळी ८. पहिलं काम अशोक चौकाच्या पुढच्या वस्तीत. दोन खोल्या, दोन ट्यूब. घरची अक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली. पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, सगळं त्या एका ट्यूबच्या उजेडात, कारण खिडकी उघडते ती बोळात. "अण्णा, पिवळा नको बघा. पानाची शीर दिसत नाही त्यात."

ट्यूबवर ४० वॅट छापलेलं असतं, पण वरचा तांब्याचा चोक स्वतःच दहा-बारा वॅट खातो. मीटरला पन्नास लागतात. नवी एलईडी पट्टी २० वॅटची. दोन ट्यूब रोज सहा तास चालल्या तर महिन्याला दहा-अकरा युनिटचा फरक. हे मी बिलाच्या पाठीवर लिहून दाखवतो, कारण अक्काचं बिल १०८ युनिटचं आहे आणि १०० च्या पुढच्या युनिटला दर दुपटीहून जास्त. ती बिल घडी घालून डब्यात ठेवते आणि म्हणते, "आतल्या खोलीतली पण काढ मग."

सोलापुरातले दिवे बिलाने बदलले, कायदा मागून आला. ५ जानेवारी २०१५ ला स्वस्त एलईडी बल्बची उजाला योजना सुरू झाली. सरकारी खरेदीत एका एलईडी बल्बचा भाव २०१४ साली ३१० रुपये होता, तो २०१६ मध्ये ३८ वर उतरला. त्यानंतर सीएफएल मागणारं गिऱ्हाईक मला क्वचितच भेटलं. ट्यूब मात्र चिवट निघाली. पट्टी भिंतीला आहे, चोक चालू आहे, मग नवी नळी घालून भागतं की!

सकाळी साडेदहा. अक्कलकोट रोडची एमआयडीसी, टॉवेलचा कारखाना. आत शिरलं की बोलणं बंद, खुणा सुरू. धोट्याच्या खडखडाटात मालक तोंड कानाला लावून विचारतो, सगळ्यात स्वस्त कुठली? इथे मी अडून बसतो. चोकवरची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते-मंदावते. डोळ्याला ते कळत नाही, पण अशा उजेडात फिरती पुली एखाद्या वेळी थांबल्यासारखी किंवा उलटी फिरल्यासारखी दिसते, आणि माणूस हात घालतो. म्हणून जुने वायरमन शेडमधल्या ट्यूब तिन्ही फेजवर वाटून टाकायचे; एक मंद झाली तरी शेजारची उजळलेली असते. एलईडीने हा प्रश्न आपोआप सुटला असं मालकांना वाटतं. हलक्या ड्रायव्हरची, म्हणजे आत वीज बदलून देणाऱ्या सर्किटची, पट्टी तशीच लुकलुकते. मोबाईलचा कॅमेरा समोर धरला की पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. मालकाला पट्टे दाखवले, गप झाला. चांगल्या ड्रायव्हरच्या घ्यायच्या, आणि फेज तीन ते तीनच ठेवायचे.

दुसरा हट्ट म्हणजे जुन्या पट्टीत एलईडी नळी बसवायची नाही. चोक बायपास करून, स्टार्टर काढून ती लागते, लावतातही. पण काही नळ्यांना वीज एका टोकाला लागते, काहींना दोन्ही. दोन्ही टोकांची नळी एका बाजूने होल्डरमध्ये गेली आणि सप्लाय चालू राहिला, तर दुसऱ्या बाजूच्या पिना हातात असतात. शिडीवर असताना तो झटका नको. अख्खी पट्टी बदला. जेवणाच्या सुट्टीत माग थांबतात तेव्हा चढायचं. पट्ट्यांवर सुताची लव इतकी साचलेली की आधी ती झाडूनच अर्धा वेळ जातो. ही लव आणि मे महिन्यातले पत्रे, दोन्ही ड्रायव्हरला मारतात. खोक्यावर "२५,००० तास" लिहिणाऱ्याने सोलापूरचा उन्हाळा पाहिलेला नसतो.

दुपारी अडीच. कडक भाकरी, शेंगाचटणी.

साडेतीन. रेल्वे लाइन्समधले निवृत्त काका. त्यांनी पेपरात वाचलंय की ट्यूबवर बंदी येणार, म्हणून माळ्यावर नव्या ट्यूबचा गठ्ठा भरून ठेवलाय. "घरात चालू दिसली तर दंड करतील का रे?"

दंड नाही. भारताने २०१८ मध्ये पाऱ्याबद्दलचा मिनामाता करार स्वीकारला. त्यातल्या ठरावांप्रमाणे साध्या घरगुती सीएफएलला २०२५ ची मुदत होती. २०२३ च्या नोव्हेंबरात जिनेव्हाला ट्यूबचंही ठरलं: आतून हॅलोफॉस्फेटचा लेप असलेल्या २०२६ पर्यंत, ट्रायफॉस्फरचा लेप असलेल्या २०२७ पर्यंत. मुदत आहे ती बनवायला, आयात-निर्यातीला. घरात लावलेली कुणी उतरवायला येणार नाही. काका खूश, मी नाही. कारण प्रत्येक नळीत थोडा पारा आहे आणि माळ्याला शिडी लावताना त्यांचा हात थरथरतो. फुटलीच तर केरसुणी मारू नका, पंखा बंद करा, खिडक्या उघडा, थोडा वेळ बाहेर जा, मग तुकडे जाड कागदाने गोळा करून बरणीत घाला, एवढं काकूंना सांगून ठेवलं. काका ऐकतील याचा भरवसा नाही.

साडेपाच. भंगारवाला. चोक तो वजनावर घेतो, आतल्या तांब्यासाठी. पट्टीचा पत्राही घेतो. नळीला हात लावत नाही. "काय बे, रोज रोज काच आणतो!" २०२२ च्या ई-कचरा नियमांत पाऱ्याचे दिवे आहेत आणि ते नीट विल्हेवाटीला लावायची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकली आहे. माझ्या दुकानातून जुनी नळी न्यायला आजवर कुणी आलेलं नाही. घंटागाडीत टाकली की ती दाबातच फुटते, आणि गाडीमागचा माणूस मास्क नसलेला असतो. म्हणून नव्या पट्टीच्या लांब खोक्यात जुनी नळी घालून मागच्या खोलीत उभी करतो. खोली भरत चालली आहे. बल्ब घेताना बीआयएसचा आर नंबर बघून घेतो, स्टार बघतो. विकायच्या बाजूचा नियम असा खोक्यावर छापलेला असतो. टाकायच्या बाजूचा गल्लीपर्यंत पोचलाच नाही.

संध्याकाळी साडेसात. शेवटचा फोन: बटण बंद केलं तरी बल्ब मंद जळतोय, वहिनींना झोप येत नाही, आणि सासूबाई म्हणतात घरात काहीतरी आहे. टेस्टर लावला. बटण न्यूट्रलवर, फेज सरळ होल्डरला. जुन्या बल्बला ते चालून जायचं. एलईडीला वायरीतून झिरपणारी एवढीशी वीजही पुरते. बोर्ड खोलून दोन वायरी अदलाबदल केल्या. मंद उजेडापेक्षा धोका मोठा होता: बटण बंद असतानाही होल्डर जिवंत.

"एवढ्याशा कामाचे दीडशे?" वहिनी म्हणाल्या. सासूबाईंनी आतून ओरडून सांगितलं, द्या त्याला, आणि देवघरातला पण बघायला सांगा.