पक्ष्याच्या पायांतील कडें

दिवाळी सरली म्हणजे यवतमाळ जिल्ह्यांतील जलाशयांवर परदेशचीं बदकें उतरतात व उन्हाळा लागतांच दिसेनाशीं होतात. तीं जातात कोठें? नुसतें पाहून हें कळत नाहीं. एक बदक दुसऱ्यासारखेंच दिसतें.

१९५९ च्या सुमारास डॉ. सलीम अली यांनीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीमार्फत हें कोडें हातीं घेतलें. निमित्त मात्र रोगाचें होतें. म्हैसूर राज्यांतील क्यासनूर अरण्यांत १९५७ सालीं माकडें मेलीं, माणसें तापानें आजारी पडलीं. रशियांतील एका रोगाशीं साम्य दिसल्यामुळें हा विषाणु पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांनीं आणला असावा, अशी शंका आली. ती सिद्ध झाली नाहीं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें हजारों पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाचें हलकें कडें पडलें. भरतपूरचीं कांहीं बदकें पुढें सैबीरियांत सांपडलीं!

तेव्हां आपल्या तळ्यावर बदकें घटलीं, तर दोष येथलाच असेल असें आम्हांस वाटत नाहीं. वाटेवरील एखादें तळेंही आटलें असेल. मात्र कड्यांपैकीं फारच थोडीं पुन्हां दृष्टीस पडतात. म्हणून मेलेल्या पक्ष्याच्या पायांत कडें दिसल्यास, पक्ष्यास हात न लावतां, क्रमांक, स्थळ व दिनांक टिपून सोसायटीस कळवावा.