न उठणारा संगणक

संगणक सुरू होतांना पडदा निळा पडून थांबला, म्हणजे आंतील लिखाण बुडालें असें समजूं नये, हें आम्ही विद्यार्थिमित्रांस सांगूं इच्छितों. यंत्राच्या अवयवांस हुकूम पोंचविणारा ड्रायव्हर आरंभींच जागा होतो. तो चुकला कीं विंडोज तेथेंच अडते. ता. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइकच्या ड्रायव्हरास मिळालेल्या सदोष फाइलीनें जगांतील सुमारें ८५ लक्ष संगणक अडले. मुंबई विमानतळावरहि प्रवासी खोळंबले. सेफ मोडमध्यें अत्यावश्यक ड्रायव्हरच जागे होतात. तेथें ती फाइल काढतांच यंत्रें चालूं लागलीं.

वर्ध्यास शाळेंत असें घडल्यास दोनतीनदां सुरुवात फसतांच दुरुस्तीचा पडदा येतो. त्यांतून सेफ मोड गांठून नवा ड्रायव्हर काढावा. डिस्क पुसणें हा अगदीं शेवटचा उपाय. यंत्र बरें होतें, पुसलेला निबंध परत येत नाहीं.