मिरचीचं रोप पिवळं पडतंय?

कुंडीतलं मिरचीचं किंवा टोमॅटोचं कोवळं रोप पिवळं दिसलं की नवखा माणूस आधी पाणी घालतो, मग खत. घाई नको. पिवळेपणा कुठून सुरू झालाय ते पाहावं. अगदी बुडाशी असलेली बीजदलं पिवळी होऊन गळतात, ते स्वाभाविकच.

त्यांच्या वरची जुनी पानं सरसकट फिकट होत असतील तर बहुधा नत्र कमी पडतंय. रोप जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला पुरवतं. मूठभर गांडूळखत मातीत मिसळावं. उलट, शेंड्याचीच पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने मातीतलं लोह मुळांना घेता येत नाही; अशा वेळी चिलेटेड लोहाची सौम्य फवारणी उपयोगी पडते.

पण कुंडीतली सर्वाधिक रोपं जातात ती अति पाण्याने, आणि तीही मायेपोटी! माती ओली, तरी रोप मलूल, हीच खूण. हवा न मिळाल्याने मुळं कुजतात. बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा. ओल लागली तर पाणी देऊ नका. तळाचं भोक मोकळं करा, कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी ओतून टाका. कुबट वास आला तर रोप अलगद काढून तपकिरी, लिबलिबीत मुळं कापा, भुसभुशीत मातीत लावा, थोडे दिवस सावलीत ठेवा. नवी पालवी फुटेपर्यंत खत अजिबात नको. पिवळी झालेली पानं बहुधा पुन्हा हिरवी होत नाहीत. रोप सावरतंय की नाही, ते शेंड्यावरून ओळखावं.