इंग्रजीतला ‘आय’ मागे का उभा राहतो?

इ.स. १५२९. कार्डिनल थॉमस वुल्झी इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या मर्जीतून उतरला आणि त्याच्यावरच्या आरोपांची लांबलचक यादी तयार झाली. त्यातला एक आरोप असा, की परदेशी धाडलेल्या पत्रांत त्यानं स्वतःला राजाच्या पंक्तीला बसवलं. इतिवृत्तात तो ‘एगो एत रेक्स मेउस’, म्हणजे ‘मी आणि माझा राजा’, अशा लॅटिन शब्दांत उतरला. नवल असं, की लॅटिनमध्ये ‘मी’ आधी येणं हीच रीत! सिसेरोनं पत्नीला लिहिलेल्या पत्रातही ‘एगो’ आधी आणि मुलगा मागून येतो.

मराठीतही ‘मी आणि ताई बाजारात गेलो’ म्हटल्यानं कुणाचा मान जात नाही. इंग्रजीत मात्र ‘माय सिस्टर अँड आय’. आपल्या स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये तर त्याचा आकडाच पाठ करून घेतात, २-३-१: आधी समोरचा, मग तिसरा, शेवटी आपण. चूक कबूल करताना तोच १-२-३ होतो. दोष घ्यायला आपण पुढे.

पण हा सगळा मामला नम्रतेचाच आहे का? घरात इंग्रजीच बोलणारं लहान पोर बिनदिक्कत ‘मी अँड टॉम’ खेळतोय असं सांगतं. हा ‘मी’ इंग्रजी, ‘आय’चं कर्माच्या जागी येणारं रूप. मोठी माणसंही गप्पांत तसंच बोलतात. पुस्तक त्याला चूक म्हणतं, कानाला मात्र ते चालतं. उलट ‘आय अँड टॉम’ व्याकरणात चोख बसतं आणि कानाला खटकतं! स्वतःला आधी घेणं हाच गुन्हा असता, तर दोन्ही सारखीच खटकली असती.

खरी गोम रूपात आहे. ‘आय’ला क्रियापदाची सोबत लागते. ‘दारात कोण?’ विचारलं तर इंग्रज ‘मी!’ म्हणतो, नुसतं ‘आय!’ म्हणत नाही. फ्रेंच याहून कडक आहे. तिथलं कर्त्याचं ‘ज्य’ अशा जोडीत येऊच शकत नाही. ‘पिएर ए म्वा’ असंच म्हणावं लागतं. इंग्रजीनं ‘आय’ला जोडीत ठेवलं, पण पसंतीची जागा एकच, ‘अँड’च्या मागची. ती जागा त्याच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की जिथे ‘मी’ हवं तिथेही पुष्कळ जण ‘बिटवीन यू अँड आय’ म्हणून जातात. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये अँटोनिओच्या पत्रातही हेच रूप आहे. म्हणजे ही ओढ चारशे वर्षांहून जुनी आहे.

२-३-१ हा नियम शिकवावा लागतो, घोकावा लागतो, तरी विसरला जातो. ‘आय’ पुढे नको आणि ‘मी’ पुढे चालेल, हा नियम कुणी शिकवत नाही. तो पोराच्या बोलण्यात शाळेत पाऊल टाकण्याआधीच आलेला असतो.